आता पुन्हा हात वर करा

फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्याला सगळ्यात जास्त घाई असते ती उपचार शिकायची. कुठे दाबायचं, कसं ओढायचं, जखडलेला सांधा मोकळा कसा करायचा. मलाही तीच घाई होती. पण सांध्यांच्या आणि सॉफ्ट टिश्यूच्या, म्हणजे स्नायू, टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी), लिगामेंट (हाडाला हाड बांधणारी पट्टी), कॅप्सूल (सांध्याभोवतीचं वेष्टन), बर्सा (घर्षण टाळणारी द्रवाची छोटी पिशवी) यांच्या दुखण्यांचा विषय सुरू झाला, तेव्हा कितीतरी दिवस आम्हाला रुग्णाला हातच लावू दिला नाही. फक्त बघायचं. माणूस दारातून आत कसा येतो, खुर्चीवरून उठताना कुठल्या हाताचा आधार घेतो, सरळ उठतो की आधी एका कडेला कलतो. शर्ट काढताना कुठली बाही आधी काढतो. खांदा दुखणारा माणूस चांगला हात आधी सोडवून घेतो आणि मग दुखऱ्या हातावरून कापड अलगद ओढून काढतो. घालताना नेमकं उलट. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. आणि हे बघणाऱ्याला, तपासणी सुरू व्हायच्या आधीच, कुठली हालचाल नकोशी झाली आहे ते कळलेलं असतं.

बघून झालं की विचारायचं. दुखतं कुठे, कधीपासून, कशाने वाढतं, कशाने उतरतं, हे सगळेच विचारतात. त्याहून कामाचा प्रश्न मला नंतर उमगला: एकदा दुखणं चाळवलं की शांत व्हायला किती वेळ लागतो? जिना उतरल्यावर गुडघा दोन मिनिटं ठणकतो आणि थांबतो, हा एक रुग्ण. तोच जिना उतरल्यावर रात्रभर ठणका लागतो, हा दुसरा. दोघांच्या गुडघ्यात एकच बिघाड असू शकतो. पण पहिल्याची तपासणी मोकळेपणाने करता येते आणि दुसऱ्याच्या बाबतीत मोजक्या हालचाली बघून हात आवरता घ्यावा लागतो, नाहीतर तपासणीनेच त्याची रात्र वाईट जाते. सकाळी उठल्यावर सांधे किती वेळ आखडलेले असतात हाही तसाच प्रश्न. दहा-पंधरा मिनिटांत मोकळे होत असतील तर विचार एका दिशेने जातो. तासभर जखडलेले राहत असतील, सूज असेल, तर संधिवातासारख्या दाहक आजाराची शंका घेऊन डॉक्टरांकडे पाठवावं लागतं. एवढी मोठी फारकत आणि ती ठरवणारा प्रश्न इतका साधा.

मग हात. हात आम्ही एकमेकांवरच घडवले. वर्गातल्या मैत्रिणीचा खांदा, कुणाचा गुडघा, कुणाचा घोटा. सुप्रास्पिनेटस या हात बाजूला उचलणाऱ्या स्नायूचं टेंडन शोधायचा तास मला अजून लख्ख आठवतो. एरवी हे टेंडन खांद्याच्या टोकाच्या हाडाखाली, म्हणजे अॅक्रोमियनखाली, दडलेलं असतं. बोट पोचतच नाही. पण समोरच्याला किंचित मागे रेलून बसवलं आणि हात पाठीमागे कमरेवर ठेवायला सांगितला, की दंडाच्या हाडाचा वरचा उंचवटा फिरून पुढे येतो आणि त्याच्यावर चिकटलेलं टेंडन अॅक्रोमियनच्या पुढच्या कडेच्या जरा खाली, बोटाच्या टोकाएवढ्या जागेत सापडतं. निदान सापडायला हवं. मला आधी फक्त मांस लागत होतं. मी अजून जोर लावला. शिकवणाऱ्या मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जोर कमी कर. जास्त दाबलंस की तुला तुझं बोटच जाणवतं, तिचा खांदा नाही." दाब हलका केला, बोट आडवं, तंतूंच्या काटकोनात फिरवलं, आणि खाली काहीतरी घट्ट, बारीक पट्टी सरकल्यासारखी लागली. त्या तासानंतर शरीररचनेचं पुस्तक मी वेगळ्या नजरेनं वाचायला लागले. चित्रातल्या प्रत्येक रेषेला आता खोली होती.

पण सापडलं म्हणजे दोषी ठरलं असं नाही. दाबल्यावर दुखणाऱ्या जागा धडधाकट माणसाच्या अंगावरही भरपूर असतात. नेमकं काय बिघडलं आहे हे शोधायची रीत आम्हाला शिकवली ती जेम्स सिरिअॅक्स या डॉक्टरांची. १९०४ ते १९८५ हा त्यांचा काळ. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये त्यांनी आयुष्यभर एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला: एक्स-रेमध्ये न दिसणारं दुखणं नेमक्या कुठल्या ऊतीतलं आहे हे केवळ हातांनी कसं ओळखायचं? त्यांचं उत्तर इतकं सरळ आहे की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी वहीत लिहायचंच विसरले. एका वेळी एकाच ऊतीवर ताण द्या. आधी रुग्णाला स्वतःला हालचाल करू द्या. मग त्याला पूर्ण ढिलं सोडायला सांगून तुम्ही सांधा हलवा. आता स्नायू काम करत नाहीत, म्हणजे ताण येतो तो कॅप्सूलवर, लिगामेंटवर. मग सांधा मधल्या स्थितीत जागच्या जागी धरून त्याला जोर लावायला सांगा आणि तुम्ही तो अडवा. आता सांधा हललाच नाही, म्हणजे ताण आला तो स्नायू आणि टेंडनवर. जोर लावताना दुखलं पण ताकद पूर्ण आहे, तर टेंडनला किंवा स्नायूला किरकोळ इजा. ताकदच नाही आणि दुखतही नाही, तर टेंडन पूर्ण तुटलंय किंवा नसेचा प्रश्न आहे. ताकद नाही आणि दुखतंही फार, तर थांबा, हाड मोडलेलं असू शकतं.

प्रत्यक्षात हे इतकं चोख जमत नाही. स्नायू आवळला की सांध्यावरही दाब येतोच, आणि खांद्याच्या टेंडनचे धागे कॅप्सूलमध्ये मिसळलेलेच असतात. एकेक चाचणी एकेका टेंडनचं नाव सांगेल ही अपेक्षा आता फारसं कुणी ठेवत नाही. तरीही विद्यार्थ्याला पहिल्यांदा शिकवायला याहून चांगलं काही माझ्या पाहण्यात नाही. यात शिस्त आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि उत्तर ऐकायचं, याची सवय इथे लागते.

त्यांचीच दुसरी देणगी म्हणजे एंड फील. सांधा शेवटापर्यंत नेला की अगदी शेवटी हाताला काय जाणवतं? कोपर सरळ केलं की हाडावर हाड टेकून हालचाल खटकन थांबते. तेच कोपर वाकवलं की दंडाचं आणि हाताचं मांस एकमेकांत रुतून मऊपणे थांबते. खांदा बाहेरच्या दिशेने फिरवत नेला की शेवटी जाड चामडं ताणल्यासारखं, थोडं देणारं पण घट्ट, असं काहीतरी लागतं. हे सगळे शेवट निरोगी आहेत, आपापल्या सांध्यात. बिघाड कळतो तो चुकीच्या जागी चुकीचा शेवट लागला की. गुडघा सरळ होता होता मध्येच उसळी मारून अडला, तर आत कूर्चेचा तुकडा अडकल्याची शंका. आणि एक शेवट असा, जिथे हाताला काहीच अडत नाही, अजून जागा आहे हे स्पष्ट जाणवतं, पण रुग्ण कळवळून हात धरतो, पुढे नेऊ देत नाही. याला रिकामा शेवट म्हणतात. पुस्तकात त्याच्यापुढे गळू, गाठ, तीव्र बर्सायटिस म्हणजे बर्साचा दाह अशी यादी होती. हा शेवट हाताला लागला की उपचार करायचा नसतो, रुग्णाला पुढे पाठवायचं असतं.

पन्नाशीतल्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या, त्यांच्या खांद्यावर हे सगळं एकत्र वापरून बघायला मिळालं. उजवा हात वर जात नव्हता, पाठीमागे जात नव्हता, त्या कुशीवर झोपणं बंद झालं होतं. कुणीतरी त्यांना टेंडन फाटलंय असं सांगितलं होतं आणि त्या धास्तावलेल्या होत्या. मी कोपर अंगाला लावून, नव्वद अंशांत वाकवून, हात बाहेरच्या बाजूला फिरवला. डावा सत्तर अंशांपर्यंत गेला. उजवा पंधरावर थांबला, त्या ढिल्या सोडून बसल्या होत्या तरी थांबला, आणि तो शेवट घट्ट होता. मग खांद्याचं पातं एका हाताने धरून ठेवून दंड बाजूला उचलला. तोही अर्ध्यात अडला. आत फिरवणं सगळ्यात कमी अडत होतं. जोर लावून बघितला तर ताकद चांगली, फारसं दुखलंही नाही. बाहेर फिरणं सगळ्यात जास्त कमी, मग बाजूला उचलणं, मग आत फिरणं, हा क्रम कॅप्सूल आकसल्याचा. टेंडन फाटलं असतं तर त्यांचा हात त्यांना स्वतःला उचलता आला नसता, पण मी उचलला असता तर गेला असता. इथे तो कुणालाच नेता येत नव्हता. हा गोठलेला खांदा होता.

फ्रोझन शोल्डर हे नाव बॉस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ मध्ये दिलं, आणि हा आजार सांगायला अवघड, बरा करायला अवघड, असं त्यांनी तेव्हाच नोंदवून ठेवलं. साधारण चाळीस ते साठ या वयात होतो, मधुमेह आणि थायरॉइडच्या रुग्णांत जास्त आढळतो. म्हणून मी बाईंना विचारलं, साखर कधी तपासली होती? कधीच नाही. डॉक्टरांकडे पाठवलं, एक्स-रेही काढून घ्यायला सांगितला, कारण खांद्याच्या सांध्याची झीज किंवा मागच्या बाजूला निसटून अडकलेला खांदाही बाहेर फिरणं असंच बंद करतो आणि हाताला ते वेगळं ओळखू येईलच असं नाही. एक्स-रे स्वच्छ होता. साखर वाढलेली निघाली. खांद्याच्या निमित्ताने मधुमेह सापडणं ही या कामातली दुर्मीळ गोष्ट नाही, आणि सांधा तपासताना फक्त सांधा बघून चालत नाही हे मला वाचून जेवढं पटलं नव्हतं तेवढं त्या दिवशी पटलं.

दुखतं तिथेच बिघाड असतो असंही नाही. मांडीच्या खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं. लहान मूल गुडघा दुखतो म्हणून लंगडत आलं आणि गुडघ्यात काही सापडलं नाही, तर खुबा तपासल्याशिवाय त्याला घरी सोडू नये. श्वासपटलाला चेतना पुरवणारी नस मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या मज्जामुळांतून निघते, म्हणून पोटातल्या वरच्या भागात काही बिघडलं की खांद्याच्या टोकाला दुखू शकतं. अशा खांद्याची एकही हालचाल दुखणं वाढवत नाही, आणि तीच खूण असते. हालचालीने न बदलणारं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सोबत ताप किंवा विनाकारण घटलेलं वजन, हे ऐकलं की मी टेबल सोडून फोनकडे वळते. कंबरदुखीच्या रुग्णाला लघवी अडते का, सुटते का, मांड्यांच्या मधल्या जागेत बधिर वाटतं का, हे विचारावंच लागतं. शिकताना हा प्रश्न विचारायला आमची जीभ अडखळायची, विशेषतः समोर वयाने मोठा माणूस असला की. पण मणक्यातल्या खालच्या नसांच्या जुडग्यावर दाब आला असेल तर काही तासांत शस्त्रक्रिया लागते. संकोचापायी हा प्रश्न राहून जाणं परवडणारं नाही. आता मी तो नाव-गाव विचारल्याच्या सुरात विचारते, आणि लोकही त्याच सुरात उत्तर देतात.

उपचारांकडे आम्ही वळलो ते मेटलंड यांच्या पद्धतीपासून. जेफ्री मेटलंड (१९२४ ते २०१०) हे ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडचे फिजिओथेरपिस्ट. सांधा हलकेच लयीत हलवायच्या त्यांनी पायऱ्या लावून दिल्या. पहिली पायरी हालचालीच्या सुरुवातीलाच, अगदी लहान झोके. दुसरी मोठे झोके, पण अडथळा लागण्याआधी परतायचं. तिसरी मोठे झोके आणि अडथळ्यात शिरायचं. चौथी अडथळ्याच्या टोकाशीच, लहान झोके. दुखणं जास्त असेल तर पहिल्या दोन, आखडलेपणा जास्त असेल तर पुढच्या दोन. ऐकायला सोपं आहे. पण समोरच्याच्या खांद्यात अडथळा कुठे सुरू होतो हे हाताला कळेपर्यंत तिसरी पायरी आणि चौथी पायरी यांत फरक करता येत नाही, आणि त्यात बराच काळ जातो.

मेटलंड यांच्याकडून मी जे घेतलं ते मात्र या पायऱ्यांपेक्षा वेगळं आहे. त्यांचा आग्रह असा की उपचाराआधी रुग्णाची एक खूण पक्की करा: अशी एक हालचाल, जी त्याचं नेहमीचं दुखणं किंवा अडचण समोर आणते. ती मोजा. उपचार करा. लगेच तीच हालचाल पुन्हा मोजा. बदल झाला तर पुढे, नाही झाला तर दुसरं काही. पुढच्या भेटीत सुरुवात त्याच मोजमापाने. म्हणून आमच्या विभागात दिवसभर एकच वाक्य ऐकू यायचं: आता पुन्हा हात वर करा. आता पुन्हा वाका. आता पुन्हा पायरी उतरून दाखवा. नवख्याला हे वेळखाऊ वाटतं. रुग्ण बाहेर थांबलेले असतात, कोन मोजायचा गोनिओमीटर शोधायचा, पुन्हा कोन बघायचा, लिहायचा. पण हे केलं नाही तर आपल्या उपचाराने काय झालं हे रुग्णाच्या चेहऱ्यावरून ठरवावं लागतं, आणि रुग्ण भिडेखातर "हो, बरं वाटतंय" म्हणतातच.

त्या बाईंच्या खांद्याचं बाहेर फिरणं मी असंच दर वेळी लिहीत गेले. सुरुवातीला दुखणं इतकं होतं की ताणणं शक्यच नव्हतं. डॉक्टरांनी साखरेवर नजर ठेवत सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, मी हलक्या झोक्यांवर थांबले, आणि घरी करायला पुढे वाकून हात लोंबता सोडून डोलवायचा व्यायाम दिला. पंधराचे बावीस व्हायचे आणि पुढच्या वेळी त्या अठरावर परत यायच्या. नुसते बावीस दिसले असते तर मी खूश झाले असते आणि नुसते अठरा दिसले असते तर त्या निराश झाल्या असत्या. कागदावर दोन्ही होते, म्हणून दोघींना दिसत होतं की खालचा आकडाही हळूहळू चढतोय. पुढे दुखणं शमल्यावर जोर वाढवला. काही महिन्यांनी त्या पंचावन्नवर स्थिरावल्या. डाव्याइतका उजवा झाला नाही. हा आजार आपोआप पूर्ण जातो असं पूर्वी खूप जण सांगायचे. प्रत्यक्षात कित्येकांना वर्षांनंतरही थोडी मर्यादा राहते, आणि हे रुग्णाला आधीच सांगितलेलं बरं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगते. आम्हाला शिकवलेली बरीचशी स्पष्टीकरणं माझ्या डोळ्यांदेखत डळमळली. नॉर्वेचे फिजिओथेरपिस्ट फ्रेडी काल्टेनबॉर्न यांचा नियम आम्ही परीक्षेसाठी घोकला होता: बहिर्गोल पृष्ठभाग अंतर्गोल पृष्ठभागावर फिरतो तेव्हा त्याचं सरकणं उलट दिशेला होतं. म्हणजे दंडाच्या हाडाचं गोल डोकं बाहेर फिरताना पुढे सरकायला हवं, म्हणून बाहेर फिरणं वाढवायचं तर डोकं पुढच्या दिशेने सरकवा. कागदावर निर्दोष. २००७ मध्ये गोठलेल्या खांद्याच्या रुग्णांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटात डोकं पुढे सरकवलं, दुसऱ्यात मागे. पुढे सरकवलेल्या गटात बाहेर फिरणं सरासरी तीनेक अंशांनी वाढलं, मागे सरकवलेल्या गटात सुमारे ३१ अंशांनी. अभ्यास लहान होता, वीसेक रुग्णांचा. पण नियमाच्या नेमका उलट. आपल्या बोटांना मणक्याची एखादी पातळी जास्त अडते असं जाणवतं, त्याबद्दलही असंच आहे: दोन अनुभवी तपासनीसांचं त्यावर एकमत फारसं होत नाही. दाबल्यावर रुग्णाचं ओळखीचं दुखणं चाळवतं का, यावर मात्र एकमत बऱ्यापैकी होतं. म्हणजे माझ्या बोटांपेक्षा रुग्णाचं उत्तर जास्त भरवशाचं.

टेंडनचं तर पूर्ण चित्रच बदललं. आम्ही टेंडनची सूज म्हणून बर्फ, अल्ट्रासाऊंड आणि विश्रांती शिकलो. जुनाट दुखणाऱ्या टेंडनचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली बघितले तर दाहाच्या नेहमीच्या पेशी फारशा दिसेनात. दिसले ते विस्कटलेले, नीट न जुळलेले कोलॅजनचे धागे. त्यांना विश्रांती नव्हे, भार हवा होता. स्वीडनचे सर्जन होकान अल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये टाचेच्या वरचं टेंडन दुखणाऱ्या १५ हौशी खेळाडूंचा अनुभव प्रसिद्ध केला. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं आणि दुखऱ्या पायाची टाच सावकाश खाली सोडायची. वर येताना चांगल्या पायाचा आधार. १५ वेळा, असे तीन फेरे, एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. दुखलं तरी चालू ठेवायचं. दुखेनासं झालं की पाठीवर वजन घ्यायचं. सगळे १५ जण पुन्हा पळायला लागले. दुखत असताना चालू ठेवा हे सांगताना सुरुवातीला मला फार जड जायचं, कारण दुखलं की थांबा हे आमच्या अंगात मुरलेलं होतं. नंतर कळलं की भार सावकाश पण जड असला तर खाली सोडणं आणि वर उचलणं दोन्ही केलेलंही चालतं, रोज १८० वेळा करायचीही गरज नाही. टिकलं ते एवढंच: टेंडनला भार लागतो आणि महिने लागतात. बर्फाचंही तेच. दुखापतीनंतर विश्रांती, बर्फ, दाब, दुखरा भाग उंच ठेवणं हे चार उपाय १९७८ मध्ये अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी एकत्र आणले, आणि बर्फ आणि पूर्ण विश्रांतीने बरं होणं उलट लांबू शकतं असं २०१४ मध्ये त्यांनीच लिहिलं.

स्पष्टीकरणं अशी कोसळत असताना माझ्या बरोबरच्या काही जणांचा या कामावरचा विश्वासच उडाला. माझा उडाला नाही, आणि त्याचं कारण ती मोजायची सवय आहे. मागे सरकवून खांदा का सुटतो, कॅप्सूल ताणली जाते की मज्जासंस्था दुखण्याचा आवाज खाली करते, यावर अजून वाद चालू आहेत. वाद मिटेपर्यंतसुद्धा मी त्या खांद्याला आधी मोजू शकते आणि नंतर मोजू शकते. चुकीच्या सिद्धांताबरोबर योग्य मोजमाप असलं तर सिद्धांत बदलावा लागतो. मोजमापच नसलं तर चुकीचा सिद्धांत पिढ्यानपिढ्या शिकवला जातो. मसाज करून, मशीन लावून, काहीच न मोजता रुग्णांना महिनोन्महिने बोलावणाऱ्या पद्धतीचा मला राग येतो, तो यासाठी.

मुरगळलेल्या घोट्याबद्दल थोडक्यात. १९९२ पासून ओटावाचे नियम आहेत: घोट्याच्या उंचवट्यांच्या मागच्या कडेला, खालच्या सहा सेंटिमीटरमध्ये, हाड दाबून दुखत नसेल आणि चार पावलं टाकता येत असतील, तर घोट्याच्या एक्स-रेची गरज बहुधा नसते. पायाच्या मधल्या भागासाठी वेगळ्या दोन जागा दाबून बघायच्या असतात. इतकी तपासणी दोन मिनिटांत होते. खरं काम नंतरचं, आणि तेच राहून जातं. सूज उतरली, दुखणं थांबलं की रुग्ण येणं थांबवतात. पण एका पायावर डोळे मिटून उभं राहायला सांगितलं तर दुखावलेला पाय चांगल्या पायाआधी डगमगतो. लिगामेंट ताणलं जातं तेव्हा सांध्याच्या स्थितीची जाणीवही मंदावते. पुन्हा पुन्हा तोच घोटा मुरगळतो त्यामागे हे एक मोठं कारण आहे, आणि तोल सांभाळायचे व्यायाम हा त्यावरचा उपाय.

गेल्या काही दिवसांत मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो चाळिशीच्या एका गृहस्थांनी. कंबर दुखते म्हणून आले, हातात एमआरआयचा रिपोर्ट. रिपोर्टमधला प्रत्येक शब्द त्यांना पाठ होता. मणक्यांमधली चकती सरकली आहे, झीज झाली आहे, आणि आता आपण कधीच पुढे वाकायचं नाही, असं त्यांनी त्यातून ठरवून टाकलं होतं. जमिनीवर पडलेली वस्तू ते मुलाला उचलायला सांगत. १९९४ चा एक प्रसिद्ध अभ्यास आहे: कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तर सगळ्या चकत्या व्यवस्थित असलेले फक्त ३६ टक्के निघाले. निम्म्याहून अधिक लोकांची एक तरी चकती फुगलेली होती. २०१५ मध्ये अशा अनेक अभ्यासांची बेरीज झाली. न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांमध्येही ३७ टक्क्यांच्या चकत्यांत झिजेच्या खुणा होत्या, ऐंशीतल्या लोकांत ९६ टक्क्यांच्या. मी हे त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण पटलेलं दिसलं नाही. आकड्यांनी कंबर हलत नाही.

मी नेहमीची तपासणी केली. पायांतली ताकद, बधिरपणा, प्रतिक्षिप्त क्रिया, सरळ पाय उचलून बघणं, सगळं ठीक. मग वाकायला सांगितलं. बोटं मांडीच्या मध्यावर थांबली आणि श्वास रोखलेला. मी अंतर लिहिलं. ओणवं होऊन, हात-गुडघ्यांवर, टाचांकडे मागे बसत जायला सांगितलं. यात कंबर तेवढीच वाकते, पण माणसाला ते वाकणं वाटत नाही. सुरुवातीला थोडं, मग पूर्ण. श्वास सोडत. मग उभं राहून पुन्हा वाका म्हटलं. बोटं गुडघ्यांच्या खाली गेली. त्यांनी स्वतःच टेप बघितली आणि विचारलं, "म्हणजे चकती आत गेली का?"

"नाही," मी म्हटलं. "चकती जिथे होती तिथेच आहे. तिच्यासकट वाकलात."

ते बराच वेळ टेपकडे बघत राहिले. मग मी विचारलं, कामावर काय उचलावं लागतं? पंधरा किलोच्या पेट्या, ते म्हणाले, जमिनीवरून कमरेएवढ्या फळीवर. आम्ही गुडघ्याएवढ्या उंचीच्या स्टुलावरून चार किलोपासून सुरुवात केली. कंबर सरळच ठेवली पाहिजे असा आग्रह धरला नाही, फक्त श्वास रोखायचा नाही एवढं सांगितलं. पुढच्या भेटीत आधी काय मोजायचं ते फाइलवर वरच्या ओळीत लिहून ठेवलं: वाकल्यावर बोटं जमिनीपासून किती, आणि चार किलो सलग किती वेळा. स्टूल पुढच्या आठवड्यात खाली आणायचं की वजन वाढवायचं, ते या दोन आकड्यांवर ठरेल.